ऐतिहासिक वस्तीत लाकडी इमारत: आधी छेद, शेवटी दर्शनी भाग

तळमजल्यावर दुकाने, वर कार्यालये किंवा घरे, एकूण चार ते सहा मजले, आणि दोन्ही बाजूंना शंभर-दोनशे वर्षांच्या भिंती. अशा जागेवर लाकडी सांगाड्याची इमारत बसवताना बहुतेक कामांत एकच चूक होते. रस्त्यावरून दिसणारा दर्शनी भाग आधी काढला जातो, वारसा समितीकडून मंजूर करून घेतला जातो आणि मग लाकडाचा हिशोब सुरू होतो. तोवर मजल्यांची उंची आणि खिडक्यांच्या ओळी ठरून गेलेल्या असतात. लाकडी मजला त्याच्या थरांसकट काँक्रीटच्या स्लॅबपेक्षा जाड भरतो, आगीच्या हिशोबाने खांब फुगतात, आवाज अडवायला थर वाढतात, आणि मंजूर चित्रात यांपैकी कशालाही जागा उरलेली नसते. मग फेरमंजुरी घ्यावी लागते, नाहीतर आत काँक्रीट आणि बाहेर लाकडाच्या फळ्या अशी तडजोड होते.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करायचे आहेत. काँक्रीटमध्ये पाइपासाठी भोक पाडणे, दार सरकवणे असे निर्णय साइटवरही निभावतात. लाकडात ते कारखान्यात पॅनेल कापण्यापूर्वी घ्यावे लागतात, म्हणून क्रम चुकला की सगळेच चुकते.

इथे लाकूड म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी. एक सीएलटी, म्हणजे फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून केलेले जाड पॅनेल. ते भिंती आणि मजल्यांना वापरतात. दुसरे ग्लुलॅम, म्हणजे एकाच दिशेच्या फळ्या चिकटवून केलेल्या तुळया आणि खांब. आकडे स्प्रूससारख्या सूचिपर्णी लाकडाचे आहेत. प्राथमिक आराखड्याला ते पुरतात. अंतिम आकार स्ट्रक्चरल इंजिनिअरने त्या ठिकाणच्या नियमांनुसार काढायचे.

## १. मोजणी: शेजाऱ्यांपासून सुरुवात

जुनी सामाईक भिंत सरळ असेल असे कधीही धरू नका. तळाशी आणि वरच्या टोकाशी ५० ते १०० मिमीचा फरक पडणे नेहमीचे आहे, आणि मधल्या मजल्यावर पोट सुटलेले असते ते वेगळेच. सीएलटी पॅनेल कारखान्यातून २-३ मिमीच्या अचूकतेने येते. त्याला पोट सुटलेल्या भिंतीशी जुळवून घेता येत नाही. त्यामुळे लेझर स्कॅन करून घ्या. दोन्ही शेजारच्या भिंती किमान तीन पातळ्यांवर मोजा आणि जो बिंदू तुमच्या जागेत सर्वांत जास्त आत आला आहे तिथून सांगाड्याची रेघ धरा. त्या बिंदूपाशीही मोकळी फट हवी. भूकंपप्रवण भागात ती दोन्ही इमारतींच्या हेलकाव्यावरून ठरते, इतरत्र काम करायला आणि अग्निरोधक भरण घालायला जागा मिळावी म्हणून.

पाया उघडून पाहा. जुन्या इमारतींचे पाये अनेकदा उथळ असतात, दगडगोट्यांचे किंवा विटांचे. प्रत्येक शेजाऱ्याच्या बाजूला किमान दोन चाचणी-खड्डे घ्या. तळघर, बुजवलेली विहीर, जुना नाला, रस्त्याखालची कमान यांचा शोध याच वेळी लागायला हवा. पुरातत्त्व खात्याचा अभिप्राय लागणार असेल तर अर्ज आत्ताच द्या. उत्खननात काही सापडले आणि पाया हलवावा लागला, तर वरचे संपूर्ण ग्रिड, म्हणजे खांब आणि भिंतींच्या रेषांची जाळी, हलते.

लाकडाचा मोठा फायदा इथेच कळतो. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० ते २,५०० किलो, सीएलटीचे ४५० ते ५००. पायावरचा भार कमी, म्हणजे खोदाई कमी आणि शेजाऱ्याच्या पायाला धोका कमी. तरीही जे थोडे खोदकाम आणि तोडकाम करायचे आहे त्याच्या कंपनांना मर्यादा घाला. जर्मन मानक डीआयएन ४१५०-३ संवेदनशील वारसा इमारतींसाठी, कमी वारंवारतेच्या कंपनांना (१ ते १० हर्ट्‌झ) पायापाशी सेकंदाला ३ मिमी ही मर्यादा देते. निविदेत हा आकडा लिहा आणि कंपनमापक बसवण्याची तरतूद करा.

मोजणीचा शेवटचा भाग म्हणजे येण्याचा रस्ता. त्याकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात. मोठा ट्रक जिथून वळणार ते प्रत्येक वळण, बाहेर आलेले सज्जे, लोंबत्या तारा, कमानीची उंची आणि फरसबंदीखालची पोकळ तळघरे नकाशावर आणा. सीएलटीची पॅनेल १६ मीटर लांब आणि ३ ते ३.५ मीटर रुंद मिळतात, म्हणून आराखडाही त्याच मापाने होतो. आणि गल्लीच्या तोंडाशी ट्रक अडकतो. वळणातून ८ मीटरचेच पॅनेल येणार असेल, तर ते आज कळायला हवे. मजल्याचे सांधे त्यावरच ठरतात.

तपासा: शेजारच्या प्रत्येक खोलीतील भेगांचे फोटो, रुंदी आणि तारीख यांची नोंद दोन्ही पक्षांच्या सह्यांसह तयार आहे का? ती काम सुरू होण्यापूर्वीची असेल तरच उपयोगाची.

## २. छेद काढा, बाकी काही नको

छेद म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल त्याचे चित्र. परवानगीची उंची साधारणपणे शेजारच्या वळचणीच्या किंवा कंगोऱ्याच्या रेषेवरून ठरते. या उंचीत लाकडाचे थर बसतात का, ते आधी पाहायचे. एक उदाहरण पूर्ण करून पाहू.

समजा वळचणीपर्यंत १३.५ मीटर मिळतात. तळमजल्याच्या दुकानाला फरशी ते फरशी ४.२ मीटर. छताचे थर आणि कठडा मिळून ०.६ मीटर. उरले ८.७ मीटर. तीन मजले, म्हणजे प्रत्येकी २.९ मीटर.

आता एका मजल्याचे थर मोजा:

- सीएलटी पॅनेल: १८० मिमी
- वजनासाठी खडीचा थर: ६० मिमी
- पदरव अडवणारा मऊ थर: ३० मिमी
- स्क्रिड (फरशीखालचा सिमेंटचा थर): ६० मिमी
- फरशी: १५ मिमी

बेरीज ३४५ मिमी. छत उघडे ठेवले तर खोलीची उंची २.५५५ मीटर उरते. आगीसाठी खालून पट्ट्या आणि दोन पदरी अग्निरोधक बोर्ड लावला, आणखी १०० मिमी गेले, तर २.४५५ मीटर. आणि खोलीच्या मधून ४८० मिमीची ग्लुलॅम तुळई गेली, तर उघड्या छताखालीही तुळईपाशी जेमतेम २.०७५ मीटर. डोके आपटेल.

या एका बेरजेत इमारतीचा सांगाडा ठरला. इथे तुळया चालणार नाहीत. पॅनेल थेट भार पेलणाऱ्या भिंतींवर टेकवावी लागतील, म्हणजे भिंतींमधले अंतर पाच-साडेपाच मीटरच्या आत ठेवावे लागेल. दर्शनी भाग आधी काढणाऱ्याला हे समजायला सहा महिने लागतात. त्याने मनात २०० मिमीचा स्लॅब आणि ८० मिमीची फरशी धरलेली असते. हे २८० आणि आपले ४४५ मिमी (३४५ अधिक बोर्डाचे १००) यांतला फरक तीन मजल्यांत जवळजवळ अर्धा मीटर होतो.

छेद बसला की वारसा समितीची पहिली भेट घ्या. त्या भेटीला फक्त आकारमान न्या: उंची, छपराचा आकार, प्लॉटची रुंदी, रस्त्याची रेषा. वारसा जपणुकीसाठीच्या आयकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९८७च्या वॉशिंग्टन सनदेत जपायच्या गोष्टींच्या यादीत प्लॉट आणि रस्त्यांची रचना, इमारती आणि मोकळ्या जागांचे नाते, आणि इमारतींचे आकार-प्रमाण-साहित्य-रंग हे सारे येते. बऱ्याच स्थानिक नियमावल्यांचा रोखही तोच असतो. दोन-तीन जुने प्लॉट एकत्र करून काम करत असाल, तर जुन्या हद्दींच्या रेषा छेदात आणि नकाशात दोन्हीकडे दाखवा. भार पेलणाऱ्या भिंती शक्य तिथे त्याच रेषांवर ठेवल्या, तर समितीला हवी असलेली लय सांगाड्यातूनच येते.

सावधान: या भेटीत खिडक्यांचे चित्र दाखवू नका. एकदा दाखवलेले चित्र मंजुरीइतकेच चिकटते.

## ३. लाकूड कुठून सुरू करायचे

दुकानाला मोकळी जागा हवी, खांबांत ७.५ ते ९ मीटर अंतर. घरांना पाच मीटरवर भिंत चालते. ही दोन ग्रिड एकमेकांवर बसत नाहीत, आणि वरच्या भिंतींचा भार मधेच कुठेतरी वळवावा लागतो. असा भार वळवणे लाकडाला जड जाते. त्यामुळे सर्वांत सरळ मार्ग म्हणजे तळमजला आणि त्यावरचा स्लॅब काँक्रीटचा, आणि त्यावर लाकूड. लंडनच्या मरे ग्रोव्ह इथली २००९ची नऊ मजली इमारत अशीच आहे: तळमजला काँक्रीटचा, वरचे आठ मजले सीएलटीचे.

याने तीन प्रश्न एकदम सुटतात. लाकूड जमिनीच्या ओलीपासून आणि वाळवीपासून दूर जाते. दुकान आणि घर यांच्यामध्ये आगीचा जाड पडदा येतो. दुकानदार बदलला की होणारी तोडफोड काँक्रीटपुरती राहते.

तळापासून लाकूड हवेच असेल, तर काही अटी पाळाव्या लागतील. लाकडाचा तळ बाहेरच्या जमिनीपासून किमान १५० मिमी, पावसाचे शिंतोडे उडत असतील तर ३०० मिमी वर हवा. खाली जोते काँक्रीटचे किंवा दगडाचे, त्यावर ओल-रोधक पट्टी, वाळवीच्या प्रदेशात धातूचा अडसर, आणि तो अडसर डोळ्यांनी तपासता येईल अशी जागा. दुकानाचा उंबरा रस्त्याच्या पातळीला हवा असतो आणि लाकूड त्याहून वर. हा तंटा खांबाच्या पायथ्याशी पोलादी बूट देऊन सोडवा.

वापर ठरवताना तळमजल्यावर स्वयंपाकघर येऊ शकते हे धरूनच चला, आज तिथे पुस्तकांचे दुकान असले तरी. धुराड्याचा शाफ्ट, म्हणजे मजल्यांतून वर जाणारी उभी पोकळ वाट, नंतर काढता येत नाही. तो पहिल्या दिवसापासून, अग्निरोधक आणि ज्वलनशील नसलेल्या साहित्याचा, लाकडापासून सुटा आणि छपरापर्यंत सरळ हवा. तेलकट धुराड्याला आतून आग लागते आणि ती बाहेरून दिसत नाही. कचरा, गॅस आणि विजेच्या मीटरची खोलीही काँक्रीटच्याच भागात ठेवा. घरांचा जिना आणि दुकानाचा मागचा दरवाजा एकाच बोळात उघडू देऊ नका.

## ४. ग्रिड, कंपन आणि वारा

लाकडी मजल्याची जाडी ताकदीवर ठरत नाही, थरथरीवर ठरते. प्राथमिक हिशोबाला अंतर भागिले ३० ही जाडी धरा: ५.४ मीटरला १८० मिमी. मग इंजिनिअरकडून मजल्याची मूळ वारंवारता मागवा. निवासी मजल्याला ती ८ हर्ट्‌झच्या खाली गेली, तर युरोकोड या युरोपीय बांधकाम मानकाप्रमाणे विशेष तपासणी लागते. अशा मजल्यावर कुणी चालले की कपाटातल्या काचा वाजतात.

दुसरी गोष्ट सांध्यांची. लाकूड तंतूंच्या दिशेने दर चौरस मिमीला २० न्यूटनहून जास्त दाब सहन करते. तंतूंना आडवा दाब फक्त २.५ ते ३ न्यूटन. म्हणून खांबाचा भार तुळईच्या किंवा मजल्याच्या पॅनेलच्या अंगावरून खाली नेऊ नका. खांबावर खांब थेट टेकला पाहिजे, मध्ये पोलादी पाट, आणि तुळई बाजूने लटकलेली. चित्रात तुळईवर खांब ठेवलेला छान दिसतो. प्रत्यक्षात तुळई चेपते आणि इमारत खचते.

वजन कमी असल्याचा तोटा वाऱ्यात दिसतो. काँक्रीटची इमारत स्वतःच्या भाराने दबून बसते, लाकडी भिंतीचे टोक वाऱ्याने उचलले जाते. त्यासाठी भिंतींच्या टोकांना पोलादी अँकर लागतात आणि त्यांची जागा काँक्रीटच्या स्लॅबमध्ये ओतकामाआधी पक्की लागते. नॉर्वेतील म्योस्टोर्नेट या ८५.४ मीटर उंच लाकडी इमारतीत हेलकावे कमी करण्यासाठी वरच्या मजल्यांचे स्लॅब मुद्दाम काँक्रीटचे केले आहेत. चार-सहा मजल्यांना ती वेळ येत नाही. पण अरुंद प्लॉटवर, रस्त्याकडच्या बाजूला दुकानाच्या सलग काचा आल्या, की त्या दिशेला वारा अडवणारी भिंतच उरत नाही. ही भिंत कुठे देणार ते दुकानाचा नकाशा काढण्यापूर्वी ठरवा.

तपासा: वरच्या प्रत्येक भार पेलणाऱ्या भिंतीखाली काय आहे, ते बोट ठेवून पायापर्यंत दाखवता येते का?

## ५. आग

अग्निशमन विभागाला भेटायचे ते याच टप्प्यावर, आणि विम्याच्या माणसाला त्याच आठवड्यात. विमा शेवटी ठेवला, तर उघडे लाकूड झाकण्याची अट शेवटी येते आणि छेदातले ते १०० मिमी पुन्हा शोधावे लागतात.

जाड लाकूड सावकाश जळते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पृष्ठभागाचा कोळसा होतो आणि तो आतल्या लाकडाला झाकतो. युरोकोडमध्ये ग्लुलॅमसाठी कोळसा होण्याचा वेग मिनिटाला ०.७ मिमी धरतात, आणि त्यावर तापून दुबळा झालेला ७ मिमीचा थर वजा करतात. ९० मिनिटांसाठी ६३ आणि ७, म्हणजे प्रत्येक उघड्या बाजूने ७० मिमी. ४०० मिमी चौरस खांब चारही बाजूंनी उघडा असेल तर २६० मिमीचा उरतो. क्षेत्रफळ ४२ टक्के. तेवढ्यावर भार पेलला पाहिजे. हा हिशोब न करता ३०० मिमीचा खांब चित्रात काढला, तर पुढे तो वाढतो आणि दुकानाच्या काचेची मापे बदलतात.

सीएलटीत आणखी एक धोका आहे. काही गोंद उष्णतेत सुटतात. जळालेला थर गळून पडतो, खालचे ताजे लाकूड उघडे पडते आणि आग पुन्हा भडकते. उत्तर अमेरिकेच्या पीआरजी ३२० या मानकाने २०१८च्या आवृत्तीपासून या बाबतीत गोंदाची कडक चाचणी घातली आहे. तुमचा पुरवठादार कोणताही असो, गोंदाच्या आगीतील वर्तनाचा चाचणी अहवाल निविदेत मागा.

किती लाकूड उघडे ठेवायचे? एका खोलीत छत आणि सगळ्या भिंती उघड्या ठेवू नका. समोरासमोरची दोन उघडी पृष्ठे एकमेकांना तापवत राहतात. सामान जळून संपले तरी आग विझत नाही. बहुतेकांना छत उघडे हवे असते. ते ठेवा आणि भिंती झाका. जिना आणि सुटकेच्या वाटा पूर्ण झाका. बाकीचे कुठे उघडे राहील हे स्प्रिंकलर आहे की नाही त्यावर ठरते, आणि दुकानांवर घरे असलेल्या लाकडी इमारतीत माझ्या मते स्प्रिंकलर वगळू नयेच, नियम सूट देत असला तरी.

नेहमी निसटणाऱ्या तीन जागा:

- पोलादी सांधे. पोलाद ५५० ते ६०० अंशांना आपली निम्मी ताकद गमावते. सांध्याची पाटी लाकडाच्या आत घाला आणि तिच्यावरचे लाकूड किमान हिशोबातल्या कोळशाच्या जाडीइतके ठेवा.
- पाइपांची भोके. सीएलटीतून जाणाऱ्या पाइपाची अग्निरोधक कॉलर सीएलटीतच तपासलेली हवी. काँक्रीटमधल्या चाचणीचा कागद इथे चालत नाही.
- पोकळ्या. आवरणामागची हवेची फट म्हणजे उभी चिमणीच. प्रत्येक मजल्यावर आणि प्रत्येक खिडकीभोवती अडसर द्या. शेजारच्या जुन्या इमारतीशी असलेली फट यातून सुटते, कारण ती कुणाच्याच चित्रात नसते. शेजाऱ्याचे छप्पर जुन्या वाळलेल्या लाकडाचे असू शकते. तुमची आग त्याच्यापर्यंत जाऊ न देणे हे तुमचे काम आहे, आणि उलटही.

## ६. आवाज

नुसत्या पाच थरी सीएलटीतून आवाज सुमारे ४० डेसिबेलनेच कमी होतो. दोन घरांमध्ये ५० ते ५५ लागतात, दुकान आणि घर यांत त्याहून जास्त. लाकडाला वजन नसल्यामुळे शीतकपाटाच्या कॉम्प्रेसरची घरघर, संगीतातला खर्ज, टाचांचा धपधप आवाज असे खालच्या पट्टीचे आवाज सहज पार होतात. सगळे एकाच आकड्यात सांगणाऱ्या साध्या मानांकनात हे नीट दिसत नाहीत, म्हणून सल्लागाराला १०० हर्ट्‌झच्या खालचा तक्ताही मागा.

खडीचा ६० मिमी थर घालायचा तो यासाठीच. पैसे वाचवताना पहिला तोच उडवला जातो. तो उडवलात तर वर कितीही महाग गालिचा घातला तरी तक्रार राहील.

मजल्यातून नाही गेला तर आवाज भिंतीतून वळसा घालतो. वरची भिंत जिथे पॅनेलवर टेकते तिथे लवचिक पट्टी द्या. पट्टीची कठिणता तिथल्या भारावर ठरते, म्हणून खालच्या मजल्याची पट्टी वरच्या मजल्यावर चालत नाही. आणि पट्टी घालून तिच्यातून साधा स्क्रू आरपार मारला, की पट्टीचा उपयोग संपला. स्क्रिडचा काठही भिंतीला टेकता कामा नये, दारापाशीसुद्धा.

## ७. ओलावा: चित्रात आणि साइटवर

लाकूड कारखान्यातून साधारण १२ टक्के ओलाव्याने येते. २० टक्क्यांच्या वर ते दीर्घकाळ राहिले, तर बुरशी आणि कूज यांना संधी मिळते. पावसापेक्षा गळती जास्त घातक, कारण ती झाकलेली असते.

न्हाणीघरे एकावर एक ठेवा. जलरोधक थर भिंतीवर चढवा, पाइप तपासता येतील अशा शाफ्टमधून न्या, आणि शाफ्टच्या तळाशी पाणी दिसेल असे तोंड ठेवा. सपाट छताला किमान ५० ला १ उतार द्या, आणि तो लाकडाचा कालांतराने येणारा झोल धरून द्या. छताचे सीएलटी दोन्ही बाजूंनी बाष्परोधक थरांत कोंडले गेले, तर आत शिरलेले पाणी कधीच बाहेर येत नाही. एक बाजू वाळू शकेल अशी ठेवा.

आता आकसणे. लाकूड तंतूंना आडवे, ओलाव्याच्या दर एका टक्क्याला सुमारे ०.२५ टक्के आकसते, लांबीत ०.०१ टक्के, म्हणजे जवळपास शून्य. भिंतींच्या मध्ये १८० मिमीची तीन मजला-पॅनेल आडवी सापडली असतील आणि ओलावा १२ वरून ८ टक्क्यांवर आला, तर इमारत सुमारे साडेपाच मिमी बसते. सांध्यांचे दबणे त्यात आणखी. आकडा छोटा वाटतो, पण शेजारी काँक्रीटची लिफ्टची डक्ट किंवा स्वतंत्र उभी विटांची दर्शनी भिंत असेल तर ती बसत नाही. खिडकीची चौकट लाकडाबरोबर खाली जाते आणि विटेच्या कट्ट्यावर टेकून मोडते. प्रत्येक मजल्यावर वाढत जाणारी फट आत्ताच चित्रात लिहा.

साइटसाठी सूचना थोडक्यात:

१. पॅनेलच्या कापलेल्या कडा कारखान्यातच सील करून आणा. पाणी तिथूनच शोषले जाते.
२. मजल्यावर साचलेले पाणी त्याच दिवशी ओढून काढा.
३. झाकण्यापूर्वी लांब, आवरणयुक्त सुयांच्या मीटरने ४० मिमी खोलीवर मोजा. १६ टक्क्यांच्या वर असेल तर झाकू नका, वेळापत्रक काहीही म्हणो.

## ८. दर्शनी भाग

आता काढा. मजल्याच्या पातळ्या, भिंतींच्या रेषा आणि खांबांची जाडी हातात आहे. उभ्या प्रमाणातल्या खिडक्या सीएलटीला आवडतात. लांब आडवी खिडकी पॅनेलचा कणा तोडते. जुन्या रस्त्यांवरच्या खिडक्याही बहुधा उभ्याच असतात, त्यामुळे इथे समिती आणि सांगाडा एका बाजूला येतात. दोन खिडक्यांमधला आणि पॅनेलच्या कोपऱ्याजवळचा लाकडाचा पट्टा फार अरुंद करू नका. उचलताना तोच तडकतो.

बाहेर लाकूड दाखवलेच पाहिजे असे नाही. वीट, चुन्याचा गिलावा किंवा दगडी पट्ट्या सांगाड्यावर लावता येतात, मागे २५ ते ४० मिमी वाहती हवा ठेवून. उघड्या लाकडी फळ्या काही वर्षांत राखाडी होतात आणि सज्ज्याखाली मात्र पिवळ्या राहतात. समितीला दाखवण्याच्या चित्रात हा राखाडी रंगच दाखवा. जुन्या इमारतींचे कोरीवकाम पातळ फळीत उमटवू नका. जुन्या रेषा पाळा, पण हे बांधकाम आजचे आहे ते दिसू द्या.

## ९. गोठवणे, वाहतूक, उभारणी

कारखान्यात कापकाम संगणक करतो. त्याच्याकडे चित्रे जाण्यापूर्वी एक तारीख ठरवा. त्या तारखेनंतर एकही भोक हलणार नाही. त्याआधी प्लंबिंग, वीज, स्प्रिंकलर आणि लिफ्ट यांचे कंत्राटदार नेमलेले असले पाहिजेत. ते नेमले नसतील, तर "भोके नंतर पाहू" असे होते आणि मग साइटवर साखळी-करवत चालते. पॅनेलच्या कडेजवळ किंवा आधाराच्या रेषेवर पाडलेले एक भोकही मजला दुबळा करते.

१८० मिमी जाड, २.५ मीटर रुंद, ८ मीटर लांब पॅनेलचे घनफळ ३.६ घनमीटर, वजन सुमारे १.६ ते १.८ टन. सर्वांत दूरच्या कोपऱ्यात एवढे वजन क्रेन उचलते का, आणि क्रेनचा पाय ज्या फरसबंदीवर टेकणार तिच्याखाली तळघर नाही ना, हे दोन प्रश्न पहिल्या टप्प्याच्या नकाशावर परत जाऊन तपासा. जागेवर साठवणीला जागा नसते, म्हणून ट्रकवरची पॅनेल बसवण्याच्या उलट क्रमाने रचायला सांगा. शेवटी लागणारे सर्वांत खाली.

सावधान: लाकडी इमारतीला सर्वांत मोठा आगीचा धोका बांधकाम चालू असताना असतो. स्प्रिंकलर सुरू नसतात, बोर्ड लागलेले नसतात, फटी उघड्या असतात आणि शेजारी जुनी वस्ती असते. जलरोधक थर ज्वाळेने चिकटवण्यास पूर्ण मनाई करा. वेल्डिंग कारखान्यात उरका. उभारणी आणि बोर्ड यांत दोन मजल्यांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. पाण्याचा उभा पाइप मजल्याबरोबर वर चढवा आणि रात्रीचा पहारा ठेवा.

इमारत ताब्यात देताना दुकानदारांसाठी दोन पानी सूचनापत्र करा आणि ते भाडेकराराला जोडा: कोणत्या भिंतीत स्क्रू चालतो, कोणत्या छताला काही टांगायचे नाही, कोणता बोर्ड कापला तर आगीचा पडदा फाटतो, गळती दिसली तर कुणाला आणि किती तासांत कळवायचे. शाफ्टची तोंडे, वाळवीचा अडसर आणि छतावरची पाण्याची तोंडे वर्षातून दोनदा तपासायची. त्या जागांचे क्रमांक या पत्रातच छापा.